एकाच पंगतीतला धर्मगुरू

(धर्मनिरपेक्ष अवकाशसेनेत धर्मगुरूचं काम काय, या विषयावर डोंबिवलीत दिलेल्या स्मृती व्याख्यानाचा शब्दांकित पाठ)



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण जमलो आहोत ते सर मला नववीत विज्ञान शिकवत. राहायचे डोंबिवलीत, शिकवायचे ठाण्यात. शुक्रवारी शेवटचा तास वाचनाचा असे आणि त्या तासाला सर गोष्ट सांगत. एकदा त्यांनी आर्थर क्लार्कची ‘द स्टार’ ही १९५५ सालची कथा सांगितली. दूरच्या एका ताऱ्याचा स्फोट झालेला आहे, त्याचे अवशेष तपासायला एक यान निघालं आहे आणि त्या यानावरचा मुख्य खगोलशास्त्रज्ञ हा जेझुइट धर्मगुरू आहे. स्फोटात एक सुंदर, सुसंस्कृत जग जळून गेल्याचं त्याला कळतं. गणित मांडल्यावर आणखी एक गोष्ट कळते. येशूच्या जन्माच्या वेळी पूर्वेला जो तारा दिसला, तो याच आगीचा प्रकाश होता. सर थांबले. वर्ग गप्प होता. मी हात वर करून विचारलं, “सर, पण यानावर पाद्री कशाला हवा? ते तर विज्ञानाचं यान आहे.”

सर म्हणाले, “त्याला यानातून उतरव आणि मग गोष्ट सांगून बघ. काय उरतं ते मला सांग.”

त्या गृहपाठाला चाळीस वर्षं झाली. आज तो वहीत उतरवून आपल्यासमोर ठेवतो आहे. विषय असा: उद्याची एखादी सेना पृथ्वीबाहेर जाईल. चंद्रावर असेल, मंगळावर असेल, दोन ग्रहांच्या मधल्या काळोखात असेल. ती कुठल्याही एका धर्माची नसेल. मग तिच्यात धर्मगुरूला जागा असावी का? असली तर त्यानं तिथे करायचं काय?

या प्रश्नाकडे मी हॉलीवुडच्या वाटेनं जाणार नाही. आपल्या घराजवळून सुरुवात करतो. धर्मनिरपेक्ष सेनेतला धर्मगुरू ही कल्पना परदेशी कादंबरीकारांनी शोधलेली नाही. आपल्या सैन्यात तो आज हजर आहे, पगारावर आहे आणि गणवेशातल्या माणसांमध्ये राहतो आहे.

भारतीय सैन्यात धर्मगुरू हे भरतीचं पद आहे. निवड झालेला माणूस नायब सुभेदार म्हणून दाखल होतो, म्हणजे तो कनिष्ठ राजादिष्ट अधिकारी असतो. पंडित व्हायचं तर पदवी हवी, शिवाय संस्कृतातली शास्त्री किंवा आचार्य ही पात्रता आणि कर्मकांडाचं शिक्षण. मौलवीला अरबी किंवा उर्दूची विद्या लागते, ग्रंथीला पंजाबीतलं ‘ज्ञानी’. पाद्रीला त्याच्या चर्चनं दीक्षा दिलेली असावी लागते आणि स्थानिक बिशपांच्या यादीत त्याचं नाव असावं लागतं. लडाख स्काउट्ससाठी बौद्ध भिक्खू घेतात. या सर्वांचं प्रशिक्षण आपल्या पुण्यात, इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये होतं. राष्ट्रीय एकात्मतेच्या संस्थेत धर्मगुरू घडवायचे, यातच या पदाचा अर्थ आला.

भरतीच्या जाहिरातीत त्यांच्या कामांची यादी असते. ती मी अनेकदा वाचली आहे. पूजा, प्रवचन आणि सणवार हे आपण गृहीत धरतो. पण पुढे वाचत जा. अंत्यसंस्काराला उभं राहणं. इस्पितळातल्या आजाऱ्यांची विचारपूस. बरं होत आलेल्यांसोबत प्रार्थना. शिक्षा भोगत असलेल्या सैनिकांच्या भेटी. जवानांच्या बायकामुलांची काळजी. त्या यादीतली बहुतेक कामं देवाच्या बाजूची नाहीत, माणसाच्या पडत्या काळाची आहेत. मेलेला, आजारी, कैदेतला, मागे राहिलेला, अशी सैन्याच्या संचलनात कधीच न दिसणारी माणसं या एका पदाच्या वाट्याला दिलेली आहेत.

माझे थोरले काका मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते. निवृत्त झाल्यावर डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घरात राहिले. बेळगावच्या केंद्रातली आपली कसम परेड त्यांना शेवटपर्यंत लख्ख आठवत होती. समोर राष्ट्रध्वज, पुढ्यात धर्मग्रंथ, ज्याचा जो त्यावर त्याचा हात. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग मला आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

सत्तरच्या दशकात त्यांची तुकडी काश्मीरमधल्या एका उंच ठाण्यावर होती. सोबत सिग्नलचा एक केरळी ऑपरेटर होता, धर्मानं ख्रिस्ती. थंडीत छातीचं दुखणं झालं आणि तो गेला. बर्फ असं लागलं होतं की चार दिवस ना वर कोणी येऊ शकलं, ना खाली कोणी जाऊ शकलं. पाद्री खालच्या तळावर. ठाण्यावर होते ते पंडितजी, गढवालकडचे. त्या पोरासाठी त्याच्या धर्माचं काहीतरी म्हटलं गेलंच पाहिजे, असा पंडितजींनी आग्रह धरला. तुकडीत वसईचा एक ख्रिस्ती शिपाई होता. त्याला शेगडीजवळ बसवून पंडितजींनी त्याच्या रोजच्या मराठी प्रार्थना वहीत उतरवून घेतल्या. मराठी त्यांना तोडकीमोडकीच येत होती. प्रत्येक शब्द दोनदा विचारला, कुठे थांबायचं ते विचारलं, आणि पान फाडून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं, शाई गोठू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी शवपेटीजवळ उभं राहून, हातमोजे काढून, ते पान धरून त्यांनी ती प्रार्थना वाचली. वसईच्या पोरानं ती सोबत म्हटली. काका म्हणायचे, “पंडितजींच्या हातात त्या दिवशी पोथी नव्हती रे, वहीचं पान होतं. पण सगळ्या ठाण्याला वाटलं, आपल्यातला कोणी असा गेला तर त्याच्यासाठीही कोणी तरी असंच विचारून घेईल.”

माझ्या सगळ्या व्याख्यानाचं सूत्र त्या पानात आहे. धर्मगुरूचा अधिकार त्याच्या विद्येतून येतो, हे अर्धं खरं. उरलेला अर्धा अधिकार येतो तो त्याच बर्फात, त्याच शेगडीपाशी, त्याच पंगतीत बसल्यामुळे. ही गोष्ट अवकाशात जाईपर्यंत विसरायची नाही.

पंगतीची परीक्षा काय असते, हे आपल्याच माणसांनी पहिल्या महायुद्धात दाखवून दिलं. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या काळात मेसोपोटेमियातल्या कूत शहरात ब्रिटिशांची सहावी डिव्हिजन तुर्की सैन्याच्या वेढ्यात अडकली. ही पूना डिव्हिजन. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती, १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फंट्री होती. म्हणजे आपल्या सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची पोरं तिथे खंदकात होती. धान्य संपत आलं. मग घोडे कापायला सुरुवात झाली. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्लं. भारतीय सैनिकांतल्या बहुतेकांनी, हिंदूंनी आणि मुसलमानांनीही, नकार दिला. सेनापती टाउनशेंडनं बिनतारी संदेश पाठवून भारतातल्या धर्मप्रमुखांची परवानगी मागवली. परवानगी आली. अशा प्रसंगी चालेल, असं धर्माच्या मोठमोठ्या नावांनी कळवलं. तरीही पुष्कळांनी हात लावला नाही. शेवटच्या आठवड्यांत, अंगातली ताकद पार गेल्यावर, खाणाऱ्यांची संख्या वाढली. तोवर कित्येक जण स्कर्व्हीनं आणि उपासमारीनं खचले होते. २९ एप्रिलला सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली आणि कैदेतल्या वाटचालीत त्यांतली हजारो मेली.

या घटनेकडे अंधश्रद्धेची गोष्ट म्हणून पाहणं सोपं आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. त्या शिपायाची भीती देवाची कमी आणि गावाची जास्त होती. मी घोडा खाल्ला हे घरी कळलं तर बहिणीचं लग्न कसं होईल? माझ्या पंगतीला कोण बसेल? या प्रश्नाला हजारो मैलांवरून आलेली तार उत्तर देऊ शकत नाही. त्याला हवा होता खंदकातला एक माणूस, ज्याच्या शब्दाला गावात वजन आहे आणि जो त्याच्या समोर बसून त्याच पातेल्यातला पहिला घास घेईल. सेनापतीला धर्माची परवानगी हवी होती. शिपायाला धर्माची सोबत हवी होती. परवानगी तारेनं पाठवता येते, सोबत पाठवता येत नाही.

आता हाच प्रसंग मंगळावर नेऊन ठेवा. मंगळ आणि पृथ्वी यांच्यामध्ये संदेशाला एका दिशेनं तीन ते बावीस मिनिटं लागतात. आई गेली अशी बातमी येते. “शेवटी काय म्हणाली?” असं सैनिक विचारतो. उत्तर यायला पाऊण तासही लागू शकतो. तेवढ्या वेळात त्याच्या खांद्यावर हात कोण ठेवणार? पृथ्वीवर कितीही मोठा मठ, चर्च, मशीद, विहार असला तरी त्या पाऊण तासात तो कूतच्या तारेइतकाच निरुपयोगी आहे.

विज्ञानकथाकारांनी हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं हाताळला आहे. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९५९ च्या ‘स्टारशिप ट्रूपर्स’मध्ये अवकाशातून ग्रहावर उड्या टाकणारं पायदळ आहे. त्यात नियम असा की सगळे लढतात, स्वयंपाकीही आणि धर्मगुरूही. पंगतीतला धर्मगुरू म्हणून मला हे पटतं, पण त्याच्या हातात शस्त्र दिलेलं पटत नाही. १९४९ च्या जिनिव्हा करारानं डॉक्टर-परिचारकांबरोबर सैन्यातल्या धर्मगुरूंनाही संरक्षण दिलं, ते युद्धाबाहेरचा माणूस म्हणून. युद्धात एक तरी माणूस असा हवा की ज्याला शत्रूच्या जखमीपाशीही गुडघे टेकता येतील.

‘स्टार ट्रेक’मधलं भविष्य श्रद्धेच्या पलीकडे गेलेलं आहे. तरी १९६६ च्या एका भागात यानावर प्रार्थनागृह दिसतं. तिथे दोन सैनिकांचं लग्न लागत असतं, तोच हल्ल्याचा इशारा होतो. लढाई संपते तेव्हा नवरा मुलगा मेलेला असतो आणि नवरी त्याच प्रार्थनागृहात एकटी उभी असते. तिला धीर द्यायला कप्तान स्वतः येतो. ज्यानं त्या तरुणाला लढाईत पाठवलं तोच सांत्वनाला येतो, कारण त्या यानावर दुसरं कोणी नाही. लेखकांना ती रिकामी जागा जाणवली असावी. १९८७ मध्ये आलेल्या पुढच्या मालिकेत कप्तानाच्या शेजारी एक समुपदेशक बसवलेली आहे. १९९४ च्या ‘बॅबिलॉन फाइव्ह’मध्ये परग्रहवासीयांना पृथ्वीचा धर्म दाखवायची वेळ येते. तेव्हा त्या तळाचा प्रमुख माणसांची लांबच लांब रांग उभी करतो. रांगेत पहिला माणूस नास्तिक आहे, त्याच्यामागे एकेका धर्माचा एकेक. धर्मनिरपेक्ष या शब्दाचं त्याहून सरळ चित्र मी पाहिलेलं नाही.

आपल्या मराठी विज्ञानकथेत शास्त्रज्ञ भरपूर आहेत, सैनिक थोडे. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या टोपणनावानं, आणि आपल्या भाषेत या वाङ्मयाला एक प्रतिष्ठेचं दार उघडलं. मे २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. मला मनापासून वाटतं की त्या दारातून आता कोणी तरी मराठी सैनिकाला अवकाशात न्यावं, आणि त्याच्यासोबत काकांच्या त्या पंडितजींनाही.

त्या लेखकाला सामग्री कमी पडणार नाही. प्रत्यक्ष अवकाशात धर्माचे प्रश्न आधीच उभे राहिले आहेत. २००३ मध्ये कोलंबिया यानावर कल्पना चावलांच्या सोबत इलान रामोन होते, इस्रायलचे पहिले अंतराळवीर. दीड तासात पृथ्वीला एक फेरी, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय. मग शब्बाथ कधी पाळायचा? धर्मगुरूंशी सल्लामसलत होऊन ठरलं की ज्या भूमीवरून उड्डाण केलं त्या केप कॅनॅव्हरलचं घड्याळ धरायचं. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये मलेशियाचे शेख मुझफ्फर अंतराळ स्थानकावर गेले. त्यांच्यासाठी मलेशियातल्या उलेमांनी मार्गदर्शिका तयार केली. शक्य असेल तर काबेच्या दिशेनं, नाही तर पृथ्वीच्या दिशेनं, तेही जमत नसेल तर जमेल त्या दिशेनं नमाज. वेळ पुन्हा प्रक्षेपणाच्या ठिकाणाची. दोन वेगळे धर्म, दोन वेगळी शास्त्रं, आणि दोघांना सुचलेलं उत्तर एकच: ज्या मातीवरून निघालास त्या मातीचं घड्याळ सोबत ठेव. अवकाशसेनेतल्या धर्मगुरूचं पहिलं काम मला इथे दिसतं. त्यानं माणसाला त्याच्या मातीच्या घड्याळाची आठवण करून द्यायची.

आणि ती माती कधीच एका रंगाची नव्हती. इथून पाच-सहा किलोमीटरवर कल्याणची खाडी आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि त्याच खाडीवर, दुर्गाडीच्या पायथ्याशी, मराठ्यांच्या आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. तिथे कोणकोण होतं? कोळी-भंडारी होते. जहाजं बांधायला पोर्तुगीज कारागीर आणले होते, ते ख्रिस्ती, १६५९ मध्ये निघून गेले. पुढे त्या आरमाराचा प्रमुख दौलतखान झाला, तो मुसलमान. ज्या खाफी खानानं महाराजांविषयी कडवटपणानं लिहिलं, त्यानंही एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे: मशिदीला, कुराणाला आणि स्त्रियांना धक्का लावायचा नाही असा महाराजांचा नियम होता, आणि कुराणाची प्रत हाती आली तर ते ती आदरानं आपल्याकडच्या मुसलमान सेवकाला देत. विचार करा, लढाईच्या धामधुमीत कोणाचा ग्रंथ कोणाच्या हाती द्यायचा याची जाण ठेवणं, हे धर्मगुरूचंच काम नाही का? नौदलाची निवृत्त झालेली टी-८० ही नौका आता त्याच खाडीकाठी आणून ठेवली आहे. मुलांना घेऊन जाल तेव्हा तोफांबरोबर त्यांना हेही सांगा.

मराठी मुलुखाच्या दोन पलटणींकडे बघा. मराठा लाइट इन्फंट्रीच्या युद्धघोषात छत्रपती आहेत, तेमलाई माता आहे. १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावातच उभी राहिलेली महार रेजिमेंट ‘बोलो हिंदुस्तान की जय’ म्हणून पुढे जाते. तिच्या घोषात कुठलंही दैवत नाही. दोघांचं शौर्य एकाच तोलाचं. एकीला दैवत हवं, दुसरीला देशाचं नाव पुरेसं आहे, आणि सेना दोघींना सारखीच आपली म्हणते. आपल्या संविधानाच्या मराठी पाठातला ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द मी या दोन घोषांमध्ये ऐकतो.

इथवर मी सगळं गोड सांगितलं. आता अवघड भाग.

धर्मगुरू सैन्याचा नोकर असतो. त्याचा पगार, बढती आणि बदली वरिष्ठांच्या हाती असते. मग सैनिकाची सदसद्विवेकबुद्धी आणि वरिष्ठाची आज्ञा यांची गाठ पडली तर त्यानं कोणाच्या बाजूला उभं राहायचं? अशाच एका गाठीवर २०२५ मध्ये आपल्या न्यायालयांनी निकाल दिला. शीख जवानांच्या तुकडीवर नेमलेला एक ख्रिस्ती लेफ्टनंट रेजिमेंटच्या मंदिर-गुरुद्वाऱ्यापर्यंत जवानांबरोबर जाई, पण गाभाऱ्यात जाऊन पूजेत भाग घ्यायला त्यानं नकार दिला. माझा एकेश्वरी धर्म मला ते करू देत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. २०२१ मध्ये त्याला सेवेतून काढलं. दिल्ली उच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये ते योग्य ठरवलं आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही त्याची याचिका फेटाळली.

सेनेची बाजू मला समजते. आपल्या सैन्यात परंपरा आहे की अधिकारी जवानांचा धर्म आपला मानतो. मंदिर परेडला मुसलमान अधिकारी उभा राहतो, गुरुद्वाऱ्यात हिंदू अधिकारी डोकं झाकून बसतो. उद्या ज्याच्या शब्दावर मरायचं, तो आपल्या प्रार्थनेत आपल्या शेजारी आहे, हे जवानाला दिसावं लागतं. माझे काका ही परंपरा जगले आणि तिच्याबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही मी इथे स्पष्ट सांगतो. शेजारी उभं राहण्याची आज्ञा देता येते, हात जोडताना मनात काय असावं याची आज्ञा देता येत नाही. ज्या सेनेत उद्या वीस देशांचे, वीस श्रद्धांचे आणि श्रद्धाच नसलेले लोक एका यानात असतील, तिला उंबऱ्यावर थांबणाऱ्यासाठी मानानं उभं राहण्याची जागा ठेवावी लागेल. ती जागा आखून द्यायचं काम धर्मगुरूचं आहे. कमांडरला जाऊन त्यानं सांगायला हवं, “साहेब, हा आत येणार नाही, पण हा आपला आहे.”

ज्याला देवच नाही त्याचं काय? आगरकर आणि दाभोलकर ज्या मातीत झाले त्या मातीतला एखादा सैनिक म्हणेल, मला पंडित नको, पाद्री नको. नेदरलँड्सच्या सैन्यानं साठच्या दशकातच यावर वाट काढली. तिथे पाद्री आणि रब्बी यांच्या बरोबरीनं मानवतावादी सल्लागार नेमले जातात. ते देवाचं नाव घेत नाहीत, पण मरणाच्या दारातल्या माणसाशी बोलायला शिकलेले असतात. उद्याच्या सेनेत हे पद मला हवंच हवं. नास्तिकालाही शेवटच्या रात्री एकटं बसायला लावणं हे धर्मनिरपेक्षतेचं काम नाही.

आता त्या धर्मगुरूचं सर्वांत जड काम. व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करणारे डॉक्टर जोनाथन शे यांनी १९९४ मध्ये ‘अकिलीस इन व्हिएतनाम’ हे पुस्तक लिहिलं. काही सैनिकांची जखम भीतीची नसते, असं त्यांचं निरीक्षण होतं. ज्याच्यावर विश्वास टाकला त्याच वरिष्ठानं योग्य-अयोग्याची रेघ पुसली, ही ती जखम. आपण जे केलं ते करायला नको होतं, ही तिची दुसरी बाजू. आजच ड्रोन चालवणारा माणूस हजारो किलोमीटरवरच्या खोलीत बसून पडद्यावर माणसं मरताना बघतो आणि संध्याकाळी घरी जेवायला जातो. उद्या यंत्रच निशाणा निवडेल आणि माणूस फक्त होकाराचं बटण दाबेल. तो माणूस रात्री झोपला नाही तर कोणाकडे जाईल? डॉक्टर त्याला झोपेची गोळी देईल. वरिष्ठ त्याला त्या बटणाचे नियम दाखवेल. “मी केलं ते चूक होतं का?” हा प्रश्न ऐकून घेणारा आणि तो अहवालात न लिहिणारा माणूस सेनेनं स्वतःहून ठेवला पाहिजे.

माझ्या मनातली अवकाशसेना जर कोणी खरोखर उभी केली, तर तिच्या धर्मगुरूसाठी मी चार नियम मागेन. त्याच्याजवळ शस्त्र नसावं. त्यानं ऐकलेलं कोणी त्याच्याकडून काढून घेऊ नये. त्याची बढती, बदली त्या यानाच्या कप्तानाच्या हाती नसावी. आणि त्याचा शिधा, त्याचा प्राणवायू, त्याची पाळी सगळ्यांसारखीच असावी. यांतला चौथा नियम मोडला तर पहिले तीन कागदावर राहतात, कारण मग तो पुन्हा कूतची तार होतो.

श्रोतेहो, शेवटी सरांकडे येतो.

सर नास्तिक होते, हे इथे बसलेल्या बहुतेकांना माहीत आहे. डोंबिवली-ठाणे लोकलच्या एकाच डब्यात त्यांनी वीसहून जास्त वर्षं प्रवास केला. त्या डब्यात भजनी मंडळ होतं. सर कधी गायले नाहीत. पण टाळ वाजवणाऱ्यांच्या पिशव्या आणि डबे मांडीवर घेऊन बसायचे. मृदंगवाल्याला जागा करून द्यायचे. एकदा मी विचारलं, “सर, तुम्ही यात कसे?” तर म्हणाले, “अरे, त्यांचे हात मोकळे हवेत ना.”

सर गेले तेव्हा त्यांनी देहदान केलेलं होतं. विधी काही नव्हता. आम्ही विद्यार्थी जिन्यात, गॅलरीत, खाली रस्त्यावर उभे होतो, आणि आता काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं. तेवढ्यात ते डब्यातले दहा-बारा जण आले. टाळ आणले होते, पण पिशवीतच होते. त्यांच्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ सरांच्या पत्नीजवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, सरांना चालणार नाही, आम्हाला माहीत आहे. आम्ही नुसते उभे राहतो.” आणि ते उभे राहिले. गाडी यायच्या आधी फलाटावर जसे उभे राहायचे तसेच, एका ओळीत, पिशव्या छातीशी धरून. देह न्यायची गाडी आल्यावर त्यांच्यातल्याच चौघांनी सरांना खांदा दिला आणि जिना उतरवून खाली आणलं.

सर, यानावर तो माणूस कशासाठी, हे तुम्ही मला शोधायला सांगितलं होतं. त्या दिवशी तुमच्या जिन्यात मला ते दिसलं. ज्यांना गाता येत होतं ते तुमच्यासाठी गप्प उभे राहिले. असा एक माणूस प्रत्येक यानावर असावा, एवढंच मला सांगायचं होतं.